पोतं दोनदा उचलायचं

बार्शी लाईटचा, म्हणजे आमच्या बार्शीकडच्या जुन्या छोट्या रेल्वेचा, विषय निघाला की लोक दोनच गोष्टी सांगतात. एक, गाडी इतकी हळू चालायची की उतरून लघवी करून परत चढता यायचं. दुसरी, आषाढीला टपावर बसून पंढरपूरला गेलेला कुणीतरी काका. दुसरी शंभर टक्के खरी, कारण आमच्याच घरातले दोघं तसे गेलेत आणि त्यातल्या एकाचं धोतर इंजिनाच्या ठिणगीनं जळलं होतं. पहिली मी स्वतः कधी बघितली नाही, आणि मी त्या गाडीत अगदी कॉलेजपर्यंत बसलोय. असो. पण मला दरवेळी वाटतं की अरे, ही गाडी आधी मालासाठी आली होती, कापूस, सरकी, करडई, तूर, ज्वारी, त्याचं कुणी काहीच बोलत नाही. माणसांचे डबे दिसतात, फोटोत येतात. वाघिणींचा, म्हणजे मालाच्या डब्यांचा, फोटो कोण काढतो.

मला ते कळायचं कारण आमचे तात्या. तात्या म्हणजे माझे आजोबा, कुर्डुवाडी स्टेशनला हमाल होते, ट्रान्सशिपमेंट शेडमध्ये. आम्ही पोरं त्याला 'टानशिपमेन' म्हणायचो, तात्यापण तसंच म्हणायचे. काम काय, तर छोट्या गाडीतून आलेला माल उतरवायचा आणि मोठ्या गाडीत भरायचा. बस. आयुष्यभर. वडील पुढं बार्शीला एका अडत दुकानात दिवाणजी झाले, म्हणजे तेच पोतं आमच्या घरात दोन टोकांनी बघितलेलं, बार्शीला वहीत लिहिताना आणि कुर्डुवाडीला पाठीवर. तात्यांचा लोखंडी आकडा, पोत्यात रुतवायचा तो, अजून माझ्याकडं आहे. लाकडी मूठ एका बाजूनं इतकी झिजलीय की माझी बोटं तिच्यात बसत नाहीत, त्यांचा अंगठा आडवा पडायचा म्हणे.

आता मूळ गोष्ट. मोठी रेल्वे, जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला, मुंबईहून सोलापूर रायचूरकडं गेली तेव्हा बार्शी बाजूला राहिली. वीस बावीस मैल लांब. त्या लाईनीवर जे स्टेशन केलं त्याला नाव दिलं 'बार्शी रोड', म्हणजे इथं उतरा आणि बार्शीचा रस्ता धरा, तेच आजचं कुर्डुवाडी. आणि बार्शी तर तेव्हा मोठी पेठ. ब्रिटिश मुलखाचं अगदी टोक, पलीकडं लगेच निजामाची हद्द, त्यामुळं मराठवाड्याच्या त्या पट्ट्यातला कापूस आणि गळिताचं धान्य बार्शीत यायचं, विकलं जायचं आणि मग बैलगाडीनं बार्शी रोडला. सुगीला त्या रस्त्यावर गाड्यांची नुसती माळ लागायची म्हणे. अवकाळी पाऊस लागला की तीच माळ चिखलात.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ ला जीआयपीत नोकरीला आला होता, त्याच्या डोक्यात हा तुकडा बसला. कंपनीला ही लाईन बांधण्यात रस नव्हता, गड्यानं शेवटी स्वतःच कंपनी काढली, १८९५ ला लंडनमध्ये, बार्शी लाईट रेल्वे कंपनी. मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू. अडीच फुटाचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. मोठ्या गाडीचं साडेपाच फूट, म्हणजे निम्म्याहून कमी.

इथं जरा थांबतो कारण हा भाग मला फार आवडतो, आणि बार्शीतल्या माणसाला हे माहीत नसतं याचं वाईट वाटतं. तेव्हाचा प्रॉब्लेम असा होता की इंजिन जड, डबे हलके. मग रूळ कुणाच्या हिशोबानं टाकायचे? इंजिनाच्या. म्हणजे दिवसातून एकदा जाणाऱ्या त्या एका जड बाईसाठी अख्खी लाईन महाग करायची आणि तिच्यामागच्या वाघिणी मात्र त्या रुळाला झेपेल त्याच्या निम्माच भार घेऊन पळणार. कॅलथ्रॉपनं उलटा विचार केला. म्हणाला, प्रत्येक ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनच पडले पाहिजेत, इंजिन असो की वाघीण. इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटून टाकलं, लीड्सच्या किटसन कारखान्यात इंजिनं करून घेतली, जोडलेली आठ चाकं आणि मागं आणखी चार, म्हणजे सहा ॲक्सल, म्हणजे सगळं मिळून तीस टनाच्या आत. आणि वाघिणी पण चार ॲक्सलच्या, पत्रा दाबून केलेल्या हलक्या सांगाड्याच्या, की स्वतःचं वजन कमी आणि भार पुरा पाच पाच टनाला टेकलेला. मग रूळ किती हलका चालतो? एक यार्ड लांबीला फक्त तीस पौंड. आपल्या मापात मीटरला पंधरा किलो. दोन गडी रूळ उचलून चालू शकतात. इंग्लंडात लीड्सजवळ त्यानं लाईन टाकून हा सगळा खेळ लोकांना करून दाखवला होता, बार्शीला गाडी सुरू व्हायच्या आधी, लष्करातले लोक पण बघायला आले होते.

म्हणजे बघा, टपावरचे वारकरी आणि उतरून चढायचे विनोद हे सगळं ज्या गाडीच्या नावावर खपतं ती तिच्या काळात जगातल्या छोट्या रेल्वेवाल्यांनी शिकायला घेतलेली गाडी होती. खुद्द इंग्लंडात त्याच कॅलथ्रॉपनं पुढं १९०४ ला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाईन केली, त्याच अडीच फुटी गेजची, इंजिनं बार्शीच्याच वळणाची. तिच्यावर दुधाची वाहतूक व्हायची. ती १९३४ ला बंद पडली, तीस वर्षांत. आज तिच्यावरून लोक सायकली चालवतात. आमची त्यानंतर सत्तरेक वर्षं जास्त चालली.

आणि कॅलथ्रॉपचं अजून एक, विषयाशी काही संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, तोच रोल्स रॉइसमधला रोल्स, १९१० ला विमान पडून मेला. ते मनाला लागलं आणि हा माणूस पॅराशूटच्या मागं लागला. 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट केलं, पहिल्या महायुद्धात ते वापरून हेर खाली सोडले. शिवाय अरबी घोडे पाळायचा. बार्शीत त्याच्या नावाचा साधा बोळसुद्धा नाही.

तर गाडी चालली. चालली म्हणजे चांगलीच चालली, नाहीतर कंपनीनं लाईन वाढवली नसती. १९०६ ला पंढरपूर. पूर्वेला तडवळे करत १९११ ला लातूर, मधे रामलिंगचा घाट चढून बालाघाटावर. १९२७ ला पंढरपूरहून मिरज. सगळं मिळून २०२ मैल, सव्वातीनशे किलोमीटर. लातूरचं तर मला नेहमी वाटतं की या गाडीनं त्या गावाचं नशीबच फिरवलं. गाडी आली १९११ ला आणि ती प्रसिद्ध गंजगोलाई उभी राहिली १९१७ ला, मधोमध गोल इमारत आणि सोळा रस्ते येऊन मिळतात ती. लातूरवाले चिडतील कदाचित, पण ज्या गावातून माल बाहेर जायला रूळ नाही तिथं कुणी सोळा रस्त्यांचा बाजार आखतं का? बार्शीचं थोडं नुकसानच झालं यात, आधी सगळं बार्शीत यायचं, आता लातूरच्या मालाला बार्शीत थांबायची गरज उरली नाही. आमचे वडील हे असं सांगायचे जसं काही भावकीत वाटणी झाली.

आता तात्यांच्या शेडमध्ये येऊ.

कल्पना करा, लांबलचक फलाट, एका बाजूला छोटी लाईन, दुसऱ्या बाजूला मोठी. छोटीच्या वाघिणीतून पोतं काढायचं, पाठीवर घ्यायचं, फलाट ओलांडायचा, मोठीच्या वाघिणीत थप्पी लावायची. धान्याचं पोतं शंभर किलो. रुईची दाबलेली गाठ तर पावणेदोनशे किलोच्या आसपास, ती एकट्याचं काम नाही, ती लोळवत ढकलत न्यायची. गाठीला पट्ट्या असतात लोखंडी, त्या हाताला कापायच्या. तात्यांच्या डाव्या तळहातावर एक आडवा पांढरा वण होता, आम्हाला ते सांगायचे की ही माझी आयुष्यरेषा, बघ किती लांब आहे.

त्यांचा एक हिशोब होता तो मला पाठ आहे. छोटीच्या वाघिणीत दीडशे पोती. मोठीच्या वाघिणीत त्याच्या दीडपट. "म्हंजी दीड वाघीण आली की एक भरती. अन् ती अर्धी उरती तिचं काय? ती बसती वाट बघत." म्हणजे दोन वाघिणी आल्या तर एक मोठी भरून अर्धी छोटी शिल्लक, ती तिथंच उभी, तिसरी येईपर्यंत. छोटीची वाघीण अडकली की लातूरला रिकामी वाघीण मिळत नाही, लातूरला वाघीण नाही म्हणजे तिथल्या अडत्याचा माल फलाटावर पडून, आणि अडत्या इकडं तारा करतोय. उलटं पण व्हायचं, छोट्या वाघिणी भरून उभ्या आणि मोठ्या लाईनीवर रिकामी वाघीणच नाही. मग माल फलाटावर उतरवून ठेवायचा, म्हणजे पोतं दोनदा नाही, तीनदा उचललं. दर उचलीला आकडा रुततो, दर आकड्याला मूठभर तूर सांडते. शेडच्या बाहेर बाया सुपं घेऊन बसलेल्या असायच्या, सांडलेलं गोळा करायला. आज्जी त्यातलीच एक, लग्नाआधी. तात्या म्हणायचे आमचं लग्न रेल्वेनं जमवलं, तुरीवर.

हे वाचायला मजेशीर आहे पण धंद्याच्या बाजूनं बघा. कॅलथ्रॉपनं रुळावर, इंजिनावर, वाघिणीवर एक एक पौंड वाचवला, जगाला दाखवलं की गरीब मुलखात स्वस्तात रेल्वे कशी आणायची, आणि त्या सगळ्या हुशारीचा माल शेवटी कुर्डुवाडीच्या फलाटावर माणसाच्या पाठीवर येऊन थांबायचा. जोवर समोर बैलगाडी होती तोवर काही प्रश्न नव्हता, कारण बैलगाडीचं पोतंपण कुर्डुवाडीला उतरवावंच लागायचं. प्रश्न आला ट्रक आल्यावर. ट्रक बार्शीच्या अडत दुकानाच्या दारात लागतो, एकदा भरला की थेट मुंबईला मशीद बंदरला नाहीतर गिरणीच्या गेटवर, मधे कुणी हात लावत नाही. वडील सांगायचे, सत्तरच्या आसपास त्यांच्या दुकानात रेल्वेच्या पावत्यांची फाईल वर्षावर्षाला बारीक होत गेली, आणि एका दिवाळीला वहीपूजनाला नवी फाईल काढलीच नाही. शेठ काही बोलले नाहीत, यांनीपण विचारलं नाही.

मधे कंपनी सरकारनं घेतली, १ जानेवारी १९५४ ला, मग मध्य रेल्वेत गेली. लोकांना वाटतं सरकारनं घेतली म्हणून बिघडली. मला तसं वाटत नाही, गेज दुसरं असणं हा दोष कुणी विकत घेतला म्हणून जाणार नव्हता. आणि नुसतं कुर्डुवाडीच नाही, मिरजेला तर एकेकाळी तिन्ही होते, मोठी, मीटर गेज आणि आपली छोटी, एका स्टेशनात तीन मापाचे रूळ, तिथल्या हमालांची काय मजा असेल ते तात्या फार कुतूहलानं बोलायचे, स्वतः कधी मिरजेला गेले नाहीत.

तर माल गेला आणि माणसं राहिली. माझ्या लहानपणी जी बार्शी लाईट होती ती ही, मालाशिवायची. लोकांच्या आठवणीत तीच आहे म्हणून मी म्हणतो चित्र अर्धवट आहे. तिकीट एसटीपेक्षा खूप स्वस्त, म्हणून दूधवाले, भाजीवाल्या मावश्या, शाळेची पोरं, आणि वारीला मुंगी शिरणार नाही अशी गर्दी. बाकी वेळी डबे रिकामे. आम्ही कुर्डुवाडीला तात्यांकडं जायचो तेव्हा मी खिडकीत आणि आई डोळ्यात कोळशाचा कण जाईल म्हणून ओरडतेय, आणि तो जायचाच. पुढं डिझेल आलं, कण गेला. गाडीचा वेग काही वाढला नाही.

तात्या नव्वदच्या दशकात गेले. शेवटची दहा वर्षं ते रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसायचे, शेड रिकामीच. एकदा मी विचारलं, तात्या, ट्रकचा राग येतो का? मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "राग कशाचा? माझ्या पाठीचा इचार कुणीतरी केला म्हणायचं." आणि मग जरा वेळानं, "पर पैका मिळत हुता." हे दुसरं वाक्य मी पहिल्याइतकंच लक्षात ठेवलंय, कारण ट्रकनं त्यांच्या शेडमधल्या माणसांचं पोट नेलं, आणि त्यातले किती जण पुण्या-मुंबईला जाऊन तिथं परत हमालीच करत होते ते त्यांना नावानिशी माहीत होतं.

गेज बदलायचं काम सुरू झालं ते तुकड्या तुकड्यानं. पंढरपूर आधी, मग लातूरकडून, २००८ च्या आसपास बार्शीला मोठी गाडी आली, मिरजेकडचं सगळ्यात शेवटी. उस्मानाबाद शहर, आताचं धाराशिव, जुन्या लाईनीवर नव्हतंच, ते नव्या मार्गात घेतलं, त्यात काही जुनी स्टेशनं आडबाजूला पडली. रामलिंगच्या घाटात अजून जुना भराव दिसतो, पावसाळ्यात गेलात तर बघा, झाडीतून एक बारीकशी वाट वळत जाते ती गुरांची नाही, रुळांची आहे. बार्शीत छोटी बंद झाली त्या दिवशी म्हणे लोकांनी हार घातले. मी नव्हतो. पुण्यात होतो, ऑफिसमध्ये.

आणि मग २०१६. लातूरला पाणी नाही, एप्रिल महिना, आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. सगळ्या टीव्हीवर तेच. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, साडेतीनशे किलोमीटरच्या आत. मी बातमी बघताना एकदम उठून बसलो, कारण हा रस्ता म्हणजे आख्खी बार्शी लाईट, या टोकापासून त्या टोकापर्यंत! कुठल्याच चॅनलवाल्याला ते सुचलं नाही. नव्याण्णव टक्के लोकांना वाटलं की रेल्वेनं कुठलातरी मार्ग शोधून काढला.

वडील तेव्हा शहात्तर सत्त्याहत्तरचे, बार्शीच्या घरी माझ्याबरोबरच टीव्ही बघत होते. त्यांनी पाठकोरा कागद घेतला आणि हिशोब मांडला, दिवाणजीची सवय. पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन. छोटीच्या वाघिणीत पंधरा टन. एकशे सहासष्ट वाघिणी, आणि वर थोडं उरतं, म्हणजे सदुसष्ट. मी म्हटलं, दादा पण मिरज ते लातूर सगळी छोटीच होती ना, पाणी कुठं उतरवावं लागलं नसतं, वेळ लागला असता एवढंच. ते म्हणाले पाणी नसतं रे उतरवावं लागलं, पण टाक्या आणल्या असत्या कुठून? मग त्यांनी सांगितलं, पेपरात आलं होतं, टाक्या राजस्थानातून कोट्याहून साफ करून आल्या होत्या. कोट्याची वाघीण मिरजेपर्यंत आली ती मोठ्या रुळावरून आली. छोटी असती तर त्या टाक्या मिरजेच्या यार्डातच उभ्या राहिल्या असत्या आणि पाणी बादलीनं पलटी करायला लागलं असतं.

दोन दिवसांनी आम्ही कुर्डुवाडीला गेलो, खरं तर एका बारशाला. परत येताना दादा म्हणाले स्टेशनवर जरा थांबू. गाडी दिसेल याची काही खात्री नव्हती, पण दिसली, रात्री साडेदहाच्या पुढं, पांढऱ्या टाक्या, एक एक मोजत दादा दहापर्यंत आले. गाडी थांबलीसुद्धा नाही, नुसती हळू झाली आणि तात्यांच्या शेडच्या जागेसमोरून बार्शीच्या दिशेनं वळून गेली.